आतड्याच्या स्लाइडवर ग्रंथींच्या सीमा संगणकाने शोधणे: शेजारच्या दोन ग्रंथी एक होतात तेव्हा

कडेलोट_नाही (धागाकर्ता)

एच अँड ई (हेमॅटॉक्सिलिन हा निळा-जांभळा आणि इओसिन हा गुलाबी रंग) लावून रंगवलेल्या मोठ्या आतड्याच्या स्लाइडवर प्रत्येक ग्रंथी सुटी ओळखायची, या कामाबद्दल हा धागा आहे. यू-नेट (चित्रातला प्रत्येक पिक्सेल कुठल्या वर्गाचा हे सांगणारं न्यूरल जाळं) घेतलं, शंभरेक अंकन केलेली (ग्रंथी हाताने आखलेली) चित्रं दिली, की ग्रंथीचे पिक्सेल कुठले आणि बाहेरचे कुठले हे मॉडेल लवकर शिकतं. अडतं ते पुढे. शेजारी-शेजारी असलेल्या दोन ग्रंथींमध्ये स्ट्रोमाची, म्हणजे ग्रंथींना आधार देणाऱ्या ऊतीची, बारीक पट्टी असते, तिथे चार पिक्सेलचा पूल तयार होतो आणि दोन ग्रंथींची एक होते.

नेहमीच्या आकड्यात हे दिसतच नाही, म्हणून आधी हिशोब मांडतो. प्रत्येकी १०० पिक्सेल व्यासाच्या दोन गोल ग्रंथी, मध्ये ६ पिक्सेलची फट. मॉडेलने बाकी सगळं अचूक काढलं, फक्त फटीवर ६ पिक्सेल रुंदीचा पूल बांधला. चुकीचे पिक्सेल चाळीसच्या आसपास, बरोबर पिक्सेल १५,७०८. पिक्सेलवरचा डाइस (दोन आकार किती जुळतात याचा ० ते १ मधला आकडा) येतो ०.९९८ च्या वर. आता वस्तू मोजा. ग्रंथीचा निम्मा भाग झाकला तर ती सापडली असं धरलं तर एक सापडली, एक हुकली, म्हणून एफ-वन (सापडलेल्या, हुकलेल्या आणि खोट्या वस्तूंवरून निघणारा ० ते १ मधला गुण) ०.६७. छेद भागिले संयोग (दोघांचा सामाईक भाग भागिले दोघांचा मिळून एकूण भाग) ०.५ पेक्षा जास्त हवा, असा कडक नियम लावला तर जोडलेला तुकडा कुठल्याच ग्रंथीशी निम्म्याहून जास्त जुळत नाही, म्हणून एफ-वन थेट शून्य. हाउसडॉर्फ अंतर (दोन सीमांमधली सर्वांत मोठी तफावत) १०६ पिक्सेल. चित्र तेच, मॉडेल तेच.

ग्रंथींची संख्या, आकार, ल्युमेनचं (ग्रंथीच्या मधल्या पोकळीचं) प्रमाण यांवर पुढे कर्करोगाची प्रत ठरवायची असेल तर ०.९९८ चा काही उपयोग नाही. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की सीमा ही मास्कमधून (ग्रंथीचे पिक्सेल दाखवणाऱ्या नकाशातून) आपोआप निघणारी गोष्ट धरू नका. ती वेगळी शिकवा आणि वेगळी मोजा.

सरावासाठी ग्लास हा संच चांगला आहे. वैद्यकीय प्रतिमांच्या २०१५ च्या मिकाय परिषदेतल्या स्पर्धेचा हा संच वॉरिक विद्यापीठाच्या गटाने तयार केला. १६ स्लाइडमधली १६५ चित्रं, ८५ शिकवायला आणि ८० तपासायला (६० आणि २० असे दोन गट). स्कॅन ०.४६५ मायक्रॉन प्रति पिक्सेलला केलेलं, मग ०.६२ वर आणलेलं. त्या स्पर्धेत वर आलेल्या डीकॅन पद्धतीचा गाभा आजही उपयोगी आहे: जाळ्याला दोन शाखा, एक ग्रंथीचा भाग सांगते, दुसरी फक्त कडा. शेवटी ज्या पिक्सेलवर ग्रंथीची शक्यता ०.५ च्या वर आणि कडेची ०.५ च्या खाली, तेवढेच ठेवायचे. पूल कापला जातो तो या वजाबाकीने.

ऊतीवाचक

पॅथॉलॉजीच्या बाजूने लिहिते. दोन शाखा लावण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: ग्रंथीची कडा नेमकी कुठे? हे लेखी ठरलं नसेल तर दोन अंकन करणारे दोन वेगळ्या रेषा काढतात आणि मॉडेल त्यांची सरासरी शिकतं. सरासरी कडा म्हणजे पुसट कडा, आणि पुसट कडा म्हणजे पुन्हा तोच पूल.

निरोगी क्रिप्टमध्ये (आतड्याच्या नळीसारख्या ग्रंथीत) नियम सोपा आहे. स्तंभाकार पेशींची केंद्रकं तळाशी रांगेत बसलेली असतात. रेष या रांगेच्या बाहेरच्या बाजूने, बेसमेंट मेम्ब्रेनला (पेशींच्या तळाखालच्या पातळ पडद्याला) धरून काढायची. केंद्रकांच्या मधून नाही, बाहेरच्या लॅमिना प्रोप्रियातून (क्रिप्टभोवतीच्या सैल ऊतीतून) नाही. ल्युमेन आत धरायचं. गॉब्लेट पेशींतला म्युसिन (श्लेष्मा) एच अँड ईमध्ये फिका दिसतो, जवळजवळ रिकाम्या काचेसारखा. मॉडेल त्याला बाहेर ढकलतं आणि ग्रंथीला भोकं पडतात. म्हणून अंकन करताना म्युसिन नेहमी आत.

तीन जागी नियम आधी लिहून ठेवा.

पहिली, तिरका छेद. काप क्रिप्टच्या तळाला स्पर्शून गेला की ल्युमेन दिसतच नाही, फक्त केंद्रकांचा पुंजका दिसतो. तो ग्रंथी म्हणून धरणार का? मी धरते, कारण नाही धरला तर मॉडेल 'ल्युमेन असेल तरच ग्रंथी' असं शिकतं, आणि कमी विभेदित (ग्रंथींची रचना मोडलेल्या) कर्करोगात ल्युमेन हरवलेलंच असतं.

दुसरी, क्रिब्रिफॉर्म रचना: एपिथेलियमच्या (अस्तराच्या पेशींच्या) एका मोठ्या तुकड्यात गाळणीसारखी अनेक भोकं. बाहेरची सीमा एकच असेल तर एक ग्रंथी, आत कितीही ल्युमेन असोत. दोघांनी वेगळं धरलं तर तुमचं वस्तूंचं मोजमाप निरर्थक होतं.

तिसरी, पृष्ठभागाचा एपिथेलियम. क्रिप्टचं तोंड वर उघडतं तिथे ग्रंथी कुठे संपते हे ऊतीत लिहिलेलं नसतं. आम्ही तोंडाच्या दोन्ही खांद्यांना जोडणारी सरळ रेष धरतो आणि वरची पट्टी वेगळ्या वर्गात टाकतो. ती पट्टी ग्रंथीच्या वर्गात गेली की वीस क्रिप्ट एकाच वस्तूत जोडले जातात, आणि तुमची कडेची शाखा कितीही चांगली असली तरी सुटत नाहीत, कारण तिथे खरोखरच कडा नाही.

आणि कर्करोगाच्या ग्रंथीत ल्युमेनमध्ये मृत पेशींचा गाळ असतो. तो जांभळट, ठिपकेदार असतो, म्हणून स्ट्रोमातल्या दाहपेशींसारखा दिसतो. तोही आत.

सह्यकडा

डॉक्टर, हे फार कामाचं. धागाकर्ते, कडेची पट्टी किती जाड धरायची? आणि यू-नेटच्या मूळ लेखातला वजनाचा नकाशा वापरला तर दुसरी शाखा लागते का?

कडेलोट_नाही

जाडी मायक्रॉनमध्ये ठरवा, पिक्सेलमध्ये नाही. डीकॅनमध्ये कडेची रेष ३ पिक्सेल त्रिज्येच्या चकतीने फुगवली होती, म्हणजे सुमारे ७ पिक्सेलची पट्टी. ०.६२ मायक्रॉनला ती ४.३ मायक्रॉन होते. तोच कोड ४०एक्सच्या, म्हणजे ०.२५ मायक्रॉनच्या चित्रावर चालवला तर पट्टी पावणेदोन मायक्रॉनची उरते. एका केंद्रकाच्या पाव भागाइतकी. एवढ्या बारीक पट्टीवर अंकनातला हात हलल्याचा फरकच जास्त असतो, शिकण्यासारखं काही राहत नाही. ४ ते ६ मायक्रॉन ठीक.

पट्टी बनवताना बहुतेक जण एका जागी अडकतात. सगळ्या ग्रंथींचा मिळून एकच पांढरा-काळा मास्क घेतात, तो झिजवतात (कडेचे पिक्सेल काढून आकसवतात), आणि मूळ मास्कमधून वजा करतात. दोन ग्रंथी अंकनात एकमेकींना चिकटलेल्या असतील तर त्या मास्कमध्ये त्यांच्यात कडाच नाही, मग झिजवून ती कुठून येणार? प्रत्येक ग्रंथीला वेगळा क्रमांक ठेवा. एकेक ग्रंथी घेऊन तिची फुगवलेली आवृत्ती उणे झिजवलेली आवृत्ती काढा, आणि सगळ्या पट्ट्या एकत्र करा. जिथे हवी तिथेच कडा येते.

वजनाच्या नकाशाबद्दल. रॉनेबर्गर, फिशर आणि ब्रॉक्स यांच्या २०१५ च्या लेखात प्रत्येक पार्श्वभूमीच्या पिक्सेलचं सर्वांत जवळच्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वस्तूपासूनचं अंतर मिळवतात, आणि बेरीज लहान असेल तर वजन वाढवतात. वाढीची कमाल १०, पसारा ५ पिक्सेलच्या आसपास. ६ पिक्सेलच्या फटीत मधल्या पिक्सेलचं वजन सुमारे ४.९ ने वाढतं. २० पिक्सेलच्या फटीत वाढ जवळजवळ शून्य. म्हणजे नकाशा फक्त अरुंद फटींवर काम करतो, आणि आपल्याला तेच हवं.

पण दोन अटी. फट शून्य असेल, म्हणजे ग्रंथी चिकटलेल्या असतील, तर मध्ये पार्श्वभूमीचा पिक्सेलच नाही आणि वजन द्यायला जागा नाही. आधी क्रमांकांच्या मास्कमध्ये शेजारच्या दोन क्रमांकांमध्ये २ पिक्सेलची फट कोरून घ्यावी लागते. दुसरी अट: टाइलमध्ये (स्लाइडमधून कापलेल्या चौकोनी तुकड्यात) एकच ग्रंथी असेल तर दुसरं अंतर अस्तित्वातच नसतं. कोड तिथे काहीतरी भलतं भरतो, लॉस (मॉडेलच्या चुकीचा आकडा) अचानक अनंताकडे जातो आणि लोक लर्निंग रेट (शिकण्याच्या पावलाचा आकार) कमी करत बसतात. अशा टाइलला ही वाढ शून्य द्या.

वजनाचा नकाशा आणि कडेची शाखा, दोन्ही एकत्र लागत नाहीत. ग्रंथींसाठी मी तीन वर्ग धरतो: आतला भाग, कडा, बाहेर. लॉस क्रॉस-एन्ट्रॉपी (पिक्सेलगणिक वर्ग चुकल्याचा दंड) अधिक डाइस, कडेच्या वर्गाला दोन ते तीनपट वजन. त्याहून जास्त दिलं की कडा जाड होत जाते आणि लहान ग्रंथी तिच्यातच विरून जातात. तीन वर्गांची ही मांडणी केंद्रकांसाठीही चालते. अमित सेठी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या कामात ती होती. त्यातूनच पुढे केंद्रकं ओळखण्याची २०१८ ची मोनुसेग स्पर्धा झाली: ४०एक्सची १००० बाय १००० पिक्सेलची ३० चित्रं शिकवायला. सेठी आयआयटी मुंबईत आहेत. या विषयात मुंबईत प्रबंध करू पाहणाऱ्यांनी त्यांच्या गटाचं काम जरूर वाचावं.

ऋजुता_म

इथे सगळी चर्चा जाळ्याची चालली आहे, पण मी पाहिलेल्या बहुतेक गडबडी जाळ्याच्या आधीच्या असतात.

ओपनस्लाइडने (स्लाइडच्या फाइली वाचणाऱ्या साधनाने) टाइल कापताना त्याच्या रीड_रीजन या आदेशाला दिलेला कोपरा नेहमी शून्य पातळीच्या (पूर्ण मापाच्या चित्राच्या) मोजमापात असतो, आणि रुंदी-उंची मात्र तुम्ही मागितलेल्या पातळीच्या. दोन्ही एकाच पातळीचे समजले की टाइल येते, सुंदर येते, फक्त भलत्या जागेची. मास्क आणि चित्र जुळत नाही, लॉस थोडा उतरून थांबतो. कुठलाही प्रयोग करण्याआधी पन्नास टाइलवर मास्कची रेष ओढून डोळ्यांनी बघा. शिवाय परत येणाऱ्या चित्रात चौथी पारदर्शकतेची वाहिनी असते. काही स्कॅनरच्या फाइलींमध्ये न स्कॅन झालेला भाग पारदर्शक असतो आणि सरळ तीन वाहिन्यांत बदलला की काळा होतो. आधी पांढऱ्यावर चिकटवा.

'२०एक्स' या शब्दावर विसंबू नका. फाइलमधली मायक्रॉन प्रति पिक्सेल ही नोंद वाचा आणि सगळ्या स्लाइड एका मापावर आणा. नोंद नसेल तर लाल पेशींच्या आकारावरून अंदाज येतो, कापात त्या साधारण ६ ते ७ मायक्रॉनच्या दिसतात.

माप कुठलं? केंद्रकांसाठी ०.२५ लागतं. ग्रंथींसाठी नाही. निरोगी क्रिप्टची रुंदी शंभरेक मायक्रॉनच्या आतबाहेर, उभ्या छेदात लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ. ०.६२ ला २५६ पिक्सेलची टाइल म्हणजे १५९ मायक्रॉन: उभा क्रिप्ट कधीच पूर्ण दिसत नाही आणि मॉडेलला आत-बाहेर कळायला संदर्भच मिळत नाही. १ मायक्रॉनला ५१२ ची टाइल घेतली की ५१२ मायक्रॉन दिसतात. अरुंद फटी मात्र १ मायक्रॉनला २–३ पिक्सेलच्या उरतात, म्हणून माझी पसंती ०.५ मायक्रॉन आणि ७६८ किंवा १०२४ ची टाइल. त्यामुळे बॅच (एका वेळी शिकवायच्या टाइलची संख्या) २–४ वर येते. मग बॅच नॉर्मची (बॅचच्या सरासरीने आकडे सारखे करणाऱ्या थराची) आकडेवारी डळमळते, बॅचवर अवलंबून नसलेला ग्रुप नॉर्म लावा.

मास्क लहान करताना किंवा फिरवताना नेहमी जवळचा शेजारी पद्धत. बायलिनिअर (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी) लावलं की क्रमांक ४ आणि ८ यांच्या सीमेवर ६ नावाची तिसरीच ग्रंथी जन्मते. मास्क जेपेगमध्ये साठवला तरी हेच होतं. एका चित्रात २५५ पेक्षा जास्त ग्रंथी असतील तर १६ बिट पीएनजी.

सह्यकडा

तयार साधनांचं काय? स्टारडिस्ट, सॅम, एनएन-यू-नेट यांतलं काही उचलून चालेल का?

ऋजुता_म

स्टारडिस्ट केंद्रकांसाठी उत्तम. ते प्रत्येक वस्तूच्या मधल्या बिंदूपासून ३२ किरण सोडतं आणि टोकं जोडून बहुभुज बनवतं. त्यासाठी आतल्या त्या बिंदूपासून सगळी कडा सरळ रेषेत दिसली पाहिजे. उभा कापलेला वाकडा क्रिप्ट किंवा फाटे फुटलेली ॲडेनोमाची (सौम्य गाठीची) ग्रंथी यात बसत नाही, किरण शेजारच्या भिंतीवर आदळतो आणि फांदी कापली जाते.

एनएन-यू-नेट पहिल्या तुलनेसाठी जरूर चालवा, माप आणि टाइल तेच ठरवतं. फक्त त्याला ग्रंथी-बाहेर असे दोन वर्ग देऊ नका, वरचे तीन वर्ग द्या. सॅमला ग्रंथीभोवती चौकट दिली की निरोगी क्रिप्टची कडा छान काढतो, म्हणून अंकनाचा वेळ वाचवायला चांगला. पाठीला पाठ लावून बसलेल्या कर्करोगाच्या ग्रंथींमध्ये मात्र चौकटीत शेजारीणही येते आणि दोघी एकत्र निघतात.

ऊतीवाचक

रंगाबद्दल कुणी लिहिलं नाही. एकाच ब्लॉकचे काप दोन प्रयोगशाळांत रंगवले तर एकीकडे हेमॅटॉक्सिलिन निळंशार, दुसरीकडे इओसिन इतकं गडद की केंद्रकांची रांग गुलाबीत बुडते. कापाची जाडी ३ मायक्रॉनऐवजी ५ झाली तरी सगळं गडद होतं. कडा तर त्या केंद्रकांच्या रांगेवरच टिकून आहे.

कडेलोट_नाही

खरं आहे. दोन रस्ते आहेत. एक, रंग सारखे करणं: माचेन्को (२००९) किंवा वहाडणे आणि सहकाऱ्यांची २०१६ ची पद्धत. दोन्हींत प्रकाशघनता (किती प्रकाश शोषला गेला ते) काढून हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिनच्या दिशा शोधतात. टाइलगणिक चालवलं तर घात होतो: टाइलभर म्युसिन असेल किंवा रक्त सांडलेलं असेल तर दोन दिशा सापडतच नाहीत आणि चित्र हिरवट-निळं होऊन बाहेर येतं. स्लाइडभर पसरलेल्या पन्नासेक टाइलमधून एकदाच दिशा काढा आणि त्याच सगळ्या स्लाइडला लावा.

दुसरा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो: रंग सारखे न करता शिकवताना मुद्दाम बदलायचे. हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिनच्या वाहिन्या वेगळ्या करून प्रत्येकीला थोडं कमी-जास्त करायचं आणि परत एकत्र आणायचं. मॉडेलला रंगावर विसंबून राहता येत नाही, आकार आणि रचना बघावी लागते.

रंगाहून मापाचा फरक जास्त घातक असतो. कॅगल या स्पर्धांच्या संकेतस्थळावर २०२२ मध्ये झालेल्या हबमॅप आणि एचपीए (मानवी ऊतींचे दोन प्रकल्प) स्पर्धेत हे स्पष्ट होतं. पाच अवयव: मूत्रपिंड, मोठं आतडं, फुप्फुस, प्रोस्टेट, प्लीहा. शिकवायची चित्रं सगळी ०.४ मायक्रॉनची. तपासायच्या हबमॅपच्या चित्रांत आतडं ०.२२९, आणि प्रोस्टेट ६.२६३, म्हणजे जवळजवळ सोळापट स्थूल. आधी माप जुळवल्याशिवाय तिथे कुठलंही जाळं चालणं शक्य नव्हतं.

ग_दे

जोडणी आणि शेवटच्या सफाईचा क्रम कुणी सांगेल का? पूर्ण स्लाइडवर टाइलच्या जोडावर ग्रंथी तुटतात.

ऋजुता_म

टाइलगणिक ग्रंथींना क्रमांक देऊ नका. आधी शक्यता जोडा, क्रमांक शेवटी. टाइल निम्मी एकमेकींवर सरकवा, मधल्या भागाला जास्त आणि काठाला कमी वजन देऊन शक्यतांची सरासरी घ्या. काठावरचं उत्तर नेहमी कमकुवत असतं, कारण तिथे जाळ्याला बाहेरच्या बाजूला शून्यं दिसतात. स्लाइड स्मृतीत मावत नसेल तर ४०९६ चे ठोकळे करा, आणि ठोकळ्यांमधला सामाईक भाग तुमच्या सर्वांत मोठ्या ग्रंथीपेक्षा मोठा ठेवा. ग्रंथीचा गुरुत्वमध्य ज्या ठोकळ्याच्या गाभ्यात पडतो, ती त्याच ठोकळ्याची.

मग सफाई. आतल्या भागाची शक्यता ०.५ च्या वर आणि कडेची ०.५ च्या खाली: हे बियाणं. ६००–८०० चौरस मायक्रॉनपेक्षा लहान बियाणं काढून टाका. मग त्या बियाण्यांपासून वॉटरशेड (बियाण्यांपासून पाण्यासारखं पसरत जाऊन सीमा ठरवणारी पद्धत) चालवा, उंची म्हणून कडेची शक्यता द्या, आणि पसरायची मर्यादा आत अधिक कडा या मास्कपुरती ठेवा, नाहीतर झिजलेल्या ग्रंथी खऱ्यापेक्षा दोन-तीन मायक्रॉन बारीक राहतात. बिया काढायला अंतराचा नकाशा (प्रत्येक पिक्सेल कडेपासून किती आत आहे तो) वापरू नका. उभ्या लांब क्रिप्टमध्ये जिथे जिथे रुंदी थोडी वाढते तिथे एक शिखर येतं आणि एकाच ग्रंथीचे चार तुकडे होतात.

भोकं बुजवणं अगदी शेवटी, आणि प्रत्येक क्रमांकाचं वेगळं. पूर्ण मास्कवर एकदम बुजवलं तर वर्तुळात बसलेल्या ग्रंथींच्या मधला स्ट्रोमा भरून जातो.

ऊतीवाचक

यात एक भर. घडी पडलेला काप आणि फाटलेला काप वॉटरशेडच्या आधी वगळा. घडीत दोन थर एकावर एक येतात, सगळं गडद जांभळं दिसतं, आणि मॉडेल तिथे लांबट खोट्या ग्रंथी काढतं. फाटलेल्या जागेची पांढरी भेग ल्युमेन म्हणून धरली जाते. फरक ओळखायची खूण: ल्युमेनच्या भोवती पेशींची वरची, केंद्रक नसलेली बाजू असते. भेगेच्या कडेला केंद्रकं किंवा तुटलेला स्ट्रोमा थेट येतो.

सह्यकडा

शेवटचा प्रश्न. तपासणीचा संच कसा पाडायचा, आणि कुठला आकडा बघून मॉडेल निवडायचं?

कडेलोट_नाही

रुग्णानुसार पाडा. एका स्लाइडचे काही तुकडे शिकवण्यात आणि काही तपासणीत गेले की रंग, कापाची जाडी, स्कॅनर सगळं सारखं, आणि आकडा फुगतो. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या स्लाइड पूर्ण बाजूला ठेवता आल्या तर सर्वांत चांगलं.

निवडीसाठी वस्तूवरचा एफ-वन आणि ९५ व्या शतकांशाचं हाउसडॉर्फ अंतर (सर्वांत मोठी ५ टक्के अंतरं सोडून), दोन्ही मायक्रॉनमध्ये ठरवलेल्या एकाच मापावर. पूर्ण हाउसडॉर्फ एका भरकटलेल्या पिक्सेलवर उडी मारतं, म्हणून निवडीसाठी नको. निरोगी आणि कर्करोगाच्या चित्रांचे आकडे वेगळे छापा. एकत्र सरासरीत निरोगी क्रिप्ट संख्येने जास्त असल्यामुळे कर्करोगातली पडझड झाकली जाते. आणि डॉक्टरांसारख्या दोन जणांकडून तीच वीस चित्रं स्वतंत्रपणे अंकित करून घ्या. त्या दोघांच्या रेषांमधलं अंतर जेवढं, त्याहून कमी अंतराचा पाठलाग करण्यात अर्थ नाही. तिथून पुढचा वेळ जोडल्या गेलेल्या आणि तुटलेल्या ग्रंथी एकेक उघडून बघण्यात घालवा. त्यांची यादी एफ-वनच्या कोडमधूनच निघते, फक्त क्रमांक आणि निर्देशांक फाइलीत लिहून ठेवा.